मासा कोण होणार?

जुन्या गळाच्या काठ्या गोळा करणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. माझं पोट त्यांच्यावरच चालतं, त्यामुळे ते मत सुधारण्याची शक्यताही नाही. बांबूच्या सहा कामट्या तासून, एकमेकींना चिकटवून केलेली काठी. कुणीतरी कधीकाळी डोळे फोडून घडवलेली असते. ही मंडळी ती विकत घेतात, दिवाणखान्यात काचेच्या कपाटात लावतात आणि पाहुण्यांना सांगतात की हिच्यात जीव आहे. यांतल्या निम्म्यांना मूठ कुठली आणि शेंडा कुठला हे दाखवावं लागतं. उरलेले निम्मे स्वतःच दुरुस्तीला बसतात आणि दाराला लावायचं व्हार्निश काठीवर थापतात. मग ती माझ्याकडे येते, चिकट, पिवळी, अंगभर फोड आलेली. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते खोटं नाही.

मी स्वतः आयुष्यात एकही मासा धरलेला नाही. पाण्याकाठी दिवसभर बसून एका मुक्या प्राण्याला फसवायचं आणि वर त्याला खेळ म्हणायचं, हे मला जमणारं नाही. मला बांबू कळतो. बांबू खोटं बोलत नाही, फोटो दाखवत नाही आणि चहा मागत नाही.

दुकान घराच्या पुढच्या खोलीतच आहे. बांबू आणि पितळ माझ्याकडे, रेशीम बायकोकडे. काठीवर कड्या बसवतात त्या रेशमी दोऱ्याचे वेढे घालून. तिचे वेढे असे की दोरा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते भिंगातूनही सापडू नये. माझ्या ओळखीत जिच्या कामाला मी नाव ठेवत नाही अशी ती एकटीच, आणि ते तिला माहीत असल्यामुळे ती माझ्या कामाला बिनधास्त नावं ठेवते.

दुरुस्तीआधी काठी तपासायची आमची एक रीत आहे. खोली लांबट आहे आणि तिच्या एका भिंतीवर मी चौकटी आखून ठेवल्या आहेत. एकाने मूठ धरून भिंतीलगत उभं राहायचं. कड्यांतून दोरी ओवायची आणि दुसऱ्याने दोरीचं टोक पंजाला गुंडाळून मागे मागे जायचं. काठी वाकते, तिची कमान चौकटींवर दिसते आणि कुठली कामटी थकली आहे ते लगेच कळतं. दोरी ओढणाऱ्याला आम्ही मासा म्हणतो. मासा बहुतेक वेळा बायकोच होते, कारण कमान वाचायची नजर माझी. एखाद्या दिवशी ती म्हणते, "आज मासा व्हायला वेळ नाही मला," आणि काम उद्यावर जातं.

आमच्या समोर, रस्त्यापलीकडे, एका दातांच्या डॉक्टराचा दवाखाना आहे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. याचं इतकं भरलं होतं की त्याला छंद लागला. दवाखान्याच्या वर एकटाच राहतो. लग्न नाही, भाऊबंद नाहीत, आहेत त्या काठ्या. मला तो उस्ताद म्हणतो. मी त्याला मनात दातवाला म्हणतो आणि तोंडावर डॉक्टर.

"उस्ताद, मला एक अशी काठी हवी," तो एकदा माझ्या बाकाला टेकून म्हणाला, "जिला काहीतरी कहाणी आहे."

"कहाणी बांबूला नसते, डॉक्टर. विकणाऱ्याला असते."

तो खूप हसला. त्याला माझा अपमान कळत नाही, हेच मला त्याचं सगळ्यात असह्य वाटतं.

अशातच एका म्हातारीचा फोन आला. नवरा नुकताच गेला होता, त्याची काठी विकायची होती. असले फोन येतात तेव्हा मी आधी गृहीत धरतो की काठी म्हणजे बाजारातला टाकाऊ माल असणार. बसने गावाच्या टोकाला उतरून तिचं घर शोधलं. बैठं घर, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात एक आरामखुर्ची. खुर्चीचे हात माणसाच्या हातांनी घासून गुळगुळीत झाले होते. शेजारी कठड्याला लोखंडी खोबणी ठोकलेली आणि तिच्यात काठी उभी.

इतकं सरळ पेर आणि इतकी बारीक जोडणी मी पाहिली नव्हती. फक्त तिला बाक होता, शेंड्याकडून मोठा, जणू कुणी दोरीला वजन अडकवलं आहे. दोरी गुंडाळायचं चाक नव्हतं, दोरीही नव्हती. पितळी सांधा इतका गच्च बसला होता की काठीचे दोन भाग सुटेनात. वर्षानुवर्षं तशीच उभी ठेवली की असं होतं. लोक चपलांचीही याहून जास्त काळजी घेतात.

"बाक आहे," मी म्हणालो. भाव पाडायची सुरुवात तिथूनच करायची असते.

"असणारच," म्हातारी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली. "तुम्ही तपासाल ना ती? दोघं लागतात ना तपासायला?"

तिला हे माहीत असावं याचं मला आश्चर्य वाटलं. "लागतात."

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"मी आणि बायको."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चालेल."

मी सांगितलेल्या पहिल्याच रकमेला तिने मान हलवली. मला वाटलं, हिला काही कळत नाही. काठी खोबणीतून काढून मी फाटकाबाहेर पडलो, तर म्हातारी दाराला कडीही न घालता माझ्यामागून येत होती. माझ्याच बसमध्ये चढली.

"तुम्ही कुठे?" मी विचारलं.

"तिकडेच."

हिचा विचार बदलला आणि आता ही दुकानापर्यंत येऊन जास्त पैसे मागणार, हे मी ओळखलं. मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसलो. ती पुढे, चालकामागे. काठी अख्खी, त्यामुळे शेंडा लोकांच्या डोक्यावरून पुढे गेलेला. बाक पुढच्या दिशेला होता. एकाच्या कानाला शेंडा लागला, तो गुरगुरला, म्हणून मी काठी मुठीतून अर्धी फिरवली. कोणत्याही वाकड्या काठीचा बाक तिच्याबरोबर फिरतो. हे सांगायला माझी गरज नाही, कुणाही पोराला ते कळतं. थोड्या वेळाने पाहिलं तर बाक पुन्हा पुढेच होता. बस खड्ड्यांतून चालली होती. माझ्याच हाताने ती परत फिरली असणार, असं म्हणून मी तो विषय मिटवला.

दुकानात शिरलो तेव्हा म्हातारी समोर दवाखान्याच्या पायरीपाशी उभी राहिली होती.

"कोण ती बाई?" बायकोने विचारलं.

"काठीची मालकीण. रडायला आली असेल. उभी राहू दे. चल, मासा हो."

मी दोरी ओवली, मूठ धरली. बायकोने टोक पंजाला गुंडाळलं आणि नेहमीसारखी दोन पावलं मागे गेली. तिने अजून ओढलंच नव्हतं. त्याआधी मुठीत काहीतरी लागलं. बंद दारामागून कुणी बोटाने टकटक करावी तेवढंच. काठी एकदम सरळ झाली, थरथरली आणि मग सावकाश तिच्याकडे वाकली.

"हळू ओढ," मी म्हणालो.

"मी ओढलंच नाहीये," बायको म्हणाली.

तिने दोरी सोडून दिली. दोरी कड्यांतून सरकत खाली पडली. काठी वाकलेलीच राहिली.

मी खिडकीतून पाहिलं. म्हातारी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचली होती. चपला हातात घेऊन त्या वयाची बाई पळत होती, आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

बाक काढणं हे माझं रोजचं काम आहे. स्पिरिटच्या दिव्यावर कामट्या हळूहळू तापवायच्या, बोटांनी उलट दिशेला नेऊन धरायच्या, गार होऊ द्यायच्या. बांबू ऐकतो. हीही काठी ऐकायची. सरळ व्हायची, अगदी आखणीवर ठेवावी अशी. मी दिवा विझवून हात पुसेपर्यंत पुन्हा वाकलेली असायची. मी हवेतल्या ओलीला दोष दिला, मग जुन्या सरसाला, मग ज्याने ती वापरली त्या मेलेल्या माणसाला. शिकंज्यात घट्ट आवळून शेंड्याला वजन टांगलं. वजन उलटीकडे लोंबकळत राहिलं आणि काठीने त्याची दखलही घेतली नाही.

मी हुशार माणूस आहे असं माझं मत आहे. तरीही जे डोळ्यांसमोर होतं ते दिसायला मला बरेच दिवस लागले. बायको मागच्या खोलीत असली की शेंडा मागे. ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की शेंडा वर उचललेला. ती कोपऱ्यावर साबण आणायला गेली की बाक रस्त्याकडे आणि जास्त खोल. ती परतली की कमान सैल पडायची. मी शिकंजा फिरवून पाहिला, काठी आडवी ठेवून पाहिली, उलटी धरून पाहिली. एकदा काही विचार न करता मूठ जराशी उचलली, तर ती ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"हाक मारलीत?"

"नाही."

"मला वाटलं मारलीत." तिने आपला उजवा पंजा चोळला. "हात जड झालाय हा. दोरा ओढून ओढून असेल."

मी तिला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? मी ज्यांना आयुष्यभर हसलो त्यांच्या तोंडचं वाक्य, काठीत जीव आहे, ते मी बोलायचं? जीभ झडली असती.

पण एक गोष्ट टळणारी नव्हती. आमच्या लेकीचे दिवस भरत आले होते. ती रेल्वेने एका दिवसाच्या अंतरावर राहते. जावई दूर नोकरीला, त्याला रजा नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं. बायकोचं जायचं ठरलेलं होतं, तिकीट काढलेलं होतं. पेटी भरताना ती गुणगुणत होती. मी शिकंज्यातल्या काठीकडे पाठ करून बसलो होतो.

ती रिक्षाने स्टेशनवर गेली. मी काठीकडे वळलो. बाक वाढत होता. स्टेशन फार लांब नाही, तिथवर तो एका मर्यादेत राहिला. मग थोडा वेळ काही नाही. गाडी सुटायची वेळ झाली तशी काठी पुन्हा वाकायला लागली, सावकाश, बोटभर, मग वीतभर. आतून आवाज येऊ लागला. सरस सुटतो तेव्हा येतो तो, बारीक करकर. शेंड्याजवळच्या एका वेढ्याचं रेशीम तुटलं. मी दोन्ही हातांनी मूठ धरली. मला भीती वाटली. काठी तुटेल ही भीती नव्हती ती.

मग कमान एकदम सैल पडली.

बायको तासाभराने पेटी घेऊन परत आली. दारातच बसली.

"गाडी हलली आणि मी उतरले," ती म्हणाली. "चालत्या गाडीतून. लोकांनी धरलं म्हणून पडले नाही. का उतरले ते मला विचारू नका."

तिने पंजा उघडला. दोरी गुंडाळतात तिथे, तळव्यावरून मागे गेलेला, लाल वळ होता.

त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, म्हातारीने विचारलेल्या प्रश्नांसकट. ती माझ्यासारखीच आहे, असल्या गोष्टींवर थुंकणारी. तिने ऐकून घेतलं आणि उठून दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. शेंडा तिच्यामागे गेला. ती परत आली. शेंडा परत आला.

"मोडून टाका," ती म्हणाली.

मी बारीक करवत घेतली. तिला आत स्वयंपाकघरात पाठवलं आणि मुठीच्या वर, पितळी सांध्याखाली, करवतीचे दात नुसते टेकवले. अजून ओढलीही नव्हती.

"नको," आतून आवाज आला. "करू नका."

"काय झालं?"

"काही नाही. करू नका फक्त." ती दारात आली तेव्हा तिने एक हात दुसऱ्या हाताने मनगटापाशी गच्च धरला होता आणि चेहऱ्यावर रंग नव्हता.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, कुठवर आलीस?"

"गाडी चुकली गं," बायको म्हणाली. "येते. दोन दिवसांत येते."

"नक्की ना? मला एकटीला भीती वाटते."

"येते म्हटलं ना." फोन ठेवल्यावर ती रडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती माझ्यादेखत रडल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हातारीच्या घरी गेलो. दाराला अजूनही कडी नव्हती. आत सगळं जिथल्या तिथे, ओट्यावर एक कप, तळाशी चहा सुकून काळा झालेला. कपडे, चष्मा, औषधं, काही नेलं नव्हतं. मी व्हरांड्यातल्या आरामखुर्चीशी येऊन उभा राहिलो आणि तिथून अंगण पाहिलं. पहिल्या वेळी मी काठी पाहत होतो, अंगण नव्हतं. खुंट्याला बांधलेली शेळी दावं पुरेल तेवढंच चरते, तशी त्या अंगणात अर्धगोल जमीन उघडी पडली होती. पावलांनी तुडवून टणक झालेली. त्याच्या पलीकडे, फाटकापर्यंत, गुडघाभर गवत.

खुर्चीत बसलेल्या माणसाने वर्षानुवर्षं दावं किती लांब सोडायचं ते ठरवलं होतं, हे त्या जमिनीवरून कळत होतं. तो मेल्यावरही ते सुटलं नव्हतं. सुटलं ते माझ्या दुकानात, माझ्या बायकोने दोरीचं टोक हातात घेतलं तेव्हा. म्हातारीने मला फसवलं होतं आणि मी तिला अडाणी समजत होतो. मला तिचा राग आला नाही. मला फक्त कळलं की काय करायचं.

बसमध्ये मी मनातल्या मनात माणसं पडताळत होतो, आणि खरं सांगायचं तर फार वेळ लागला नाही.

दुकानात आलो तेव्हा बायको शिकंज्यातल्या काठीसमोर बसली होती. मी तिला अंगण कसं होतं ते सांगितलं. पुढचं सांगायची गरज पडली नाही. ती खिडकीतून समोर दवाखान्याकडे बघत राहिली.

"त्यांच्या घरी कोण कोण असतं?" तिने विचारलं.

"कुणी नाही. एकटा आहे."

तिने पंजावरचा वळ बोटाने चोळला.

"मग चालेल," बायको म्हणाली.

दातवाला निरोप मिळताच पांढऱ्या कोटातच आला. खुर्चीत कुणाला तरी तोंड उघडं ठेवून बसवून आला असणार. काठी पाहिली आणि त्याने दोन्ही हात छातीशी धरले.

"उस्ताद. हिला तर जीव आहे."

"आहे," मी म्हणालो.

"आणि हा बाक?"

"तपासू की. तुम्हीच तपासा. मासा व्हाल?"

त्याला ही रीत ठाऊक होती. कित्येकदा त्याने दारातून आमची तपासणी पाहिली होती आणि कित्येकदा लाळघोटेपणाने विचारलं होतं की मला एकदा धरू द्या. मी कधी धरू दिलं नव्हतं. तो लहान पोरासारखा लाल झाला.

"मी? खरंच?"

"डॉक्टर, आधी चहा घेता का?" बायको मध्येच म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

"नंतर, वहिनी, नंतर." तो कोटाच्या बाह्या वर सारत होता.

मी दोरी ओवली.

त्याने टोक पंजाला गुंडाळलं. एकदा, दोनदा. गुंडाळताना तो हसत होता.

मी मूठ धरली. बाक बायकोकडे होता.

दातवाला एक पाऊल मागे गेला.

मुठीत टकटक झाली. या वेळी जोरात.

काठी सरळ झाली, आणि वाकली.

बायको भिंतीला टेकली. तिने उजवा पंजा डोळ्यांसमोर धरला, मिटला, उघडला. मग पेटी उचलली. ती अजून भरलेलीच होती.

"काय दमदार आहे हो," दातवाला म्हणाला. त्याने दोरी सोडली होती आणि तो आपल्या हाताकडे बघत होता. "मी ओढलंसुद्धा नाही."

बायको दारातून बाहेर पडताना माझ्याजवळ थांबली. "त्याला उगीच ताणू नका," ती हळूच म्हणाली. काठी तिच्या दिशेला तसूभरही वळली नाही.

गाडी सुटायच्या वेळी मी काठीसमोर बसलो होतो. काही झालं नाही. सकाळी लेकीच्या घरून फोन आला की बायको पोहोचली.

काठी अर्थातच मी त्याला विकली नाही. म्हणालो, सरस सुटलाय, काम बरंच आहे, वेळ लागेल. तो म्हणाला, "सावकाश करा, उस्ताद, मी कुठे जातोय?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. त्या आठवड्यात तो दातांच्या डॉक्टरांच्या कुठल्याशा मोठ्या संमेलनाला जाणार होता. गेला नाही. पाय भरून आला म्हणाला. मग तो बाजारात जायचं टाळू लागला, माझ्याकडून चहापत्ती मागून नेऊ लागला. दवाखाना आणि माझं दुकान, मध्ये रस्ता. तेवढ्यात त्याचं आयुष्य बसलं.

मी आधी फक्त बघायचो. मग एकदा दुपारी तो एका गिऱ्हाइकाला अक्कल शिकवत होता, खिडकीतून आवाज येत होता, बांबूच्या जातींबद्दल, सगळं चुकीचं. मी शिकंज्यातली मूठ अंगठ्याने किंचित वर केली. आवाज वाक्याच्या मध्येच थांबला.

काठी आता माझ्या कामाच्या बाकाशेजारी असते. म्हातारीच्या कठड्याला होती तशी खोबणी मी जमिनीत ठोकून घेतली आहे आणि खुर्ची जवळ ओढली आहे. बाकी कामं मागे पडली. माझ्या हाताखालून जाणारी काठी सहसा वेळेवर परत जाते. आता गिऱ्हाइकं फोन करतात आणि मी उचलत नाही. करायचंय काय त्या काचेच्या कपाटातल्या मढ्यांना? मूठ हातात असली की कळतं तो कुठे आहे, जिना चढतोय की उतरतोय, झोपलाय की नुसता पडलाय. बुचाची मूठ आता माझ्या पंजाच्या आकाराने दबायला लागली आहे.

काल लेकीला मुलगी झाली. बायकोने फोन केला. मागे बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"नाक तुमच्यावर गेलंय," ती म्हणाली. "बिचारी. कधी येताय?"

"बघू. काम अडकलंय."

ती दुसऱ्या खोलीत गेली असावी, मागचं रडणं दूर गेलं. मग म्हणाली, "अहो, सोडून द्या त्याला. दुसऱ्या कुणाला देऊ नका, काही करू नका. एखाद्या जाणत्या माणसाला विचारा, पण सोडवा. मी हे चालेल म्हणाले, ते मला झोपू देत नाही."

"बघू म्हटलं ना."

"आज गाडी आहे. आजच निघा. ती काठी तिथेच ठेवा आणि निघा. जमेल ना तुम्हाला?"

फोन एका हातात होता, दुसऱ्यात मूठ.

"बाळाला बघायचं नाही का तुम्हाला?"

"बघायचंय ना," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. मी उठायचं ठरवलं. खरोखर ठरवलं. गुडघ्यांत जोर आणला. मुठीवरची बोटं मात्र मी उघडली नाहीत.

"तुम्ही हसताय का?" बायकोने विचारलं.

मी फोन ठेवला. दुपारची वेळ होती, रस्त्यावर ऊन होतं, समोरच्या खिडकीत त्याचा पांढरा कोट हलत होता. मी मूठ थोडी वर उचलली.

दवाखान्याचं दार उघडलं. तो पायऱ्या उतरून रस्त्यात आला, एका हातात तो दातांत घालायचा बारीक आरसा, आणि भर रहदारीत मध्यभागी थांबला. एक रिक्षा त्याला वळसा घालून गेली. त्याने माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी मूठ तशीच धरली, ना वर, ना खाली. त्याचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, उघडत होतं आणि मिटत होतं, आणि आवाज येत नव्हता.